गारठ्यातली बॅटरी: आधी जागा, मग हीटर

महाराष्ट्रात घरच्या बॅटरीची काळजी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर आणि उन्हाळा. इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली नाहीतर गॅलरीत बसते, मे महिन्यात तापते, पाणी पिते आणि काही वर्षांनी भंगारात जाते. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते, पण त्या सकाळीही थंडीमुळे कुणाचा इन्व्हर्टर अडून बसल्याचं ऐकिवात नाही. म्हणून बॅटरीला ऊब द्यायची ही कल्पना आपल्याला जरा गमतीची वाटते. लेहमध्ये, कॅनडातल्या कॅलगरीत किंवा अलास्कात ती रोजच्या जगण्यातली आहे. जर्मनीत आता दहा लाखांहून अधिक घरांत सोलरची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या आहेत. गारठ्यातली बॅटरी हा प्रश्न चार हौशी माणसांपुरता उरलेला नाही. त्यावर उपायही बरेच निघाले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे चुकीच्या टोकापासून सुरू होतात असं माझं मत आहे. लोक आधी हीटर विकत घेतात आणि जागेचा विचार नंतर करतात.

थंडीत बॅटरीचं काय होतं याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात. थंड बॅटरी कमी वीज देते, ही पहिली. हे तात्पुरतं असतं. बॅटरी गरम झाली की क्षमता परत येते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. गोठणबिंदूखालच्या लिथियम बॅटरीत वीज भरायला गेलं तर कायमचं नुकसान होतं. घरगुती साठवणीत आज लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे बोलीतल्या एलएफपीचा, बोलबाला आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये या पदार्थावरचा मूळ निबंध आला. त्याचे पहिले लेखक अक्षय पाधी हे भारतीय संशोधक. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. पदार्थ स्वस्त, टिकाऊ आणि सहसा पेट न घेणारा. त्याच्या बॅटरीच्या थंडीतल्या दुखण्याचं मूळ बरंचसं समोरच्या इलेक्ट्रोडमधल्या ग्रॅफाइटात आहे.

चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. गारठ्यात हे शिरणं मंदावतं, आणि मागून चार्जर तर रेटतच असतो. आयनाने ग्रॅफाइटमध्ये शिरावं की धातू होऊन बाहेरच बसावं, या दोन विद्युत्-पातळ्यांमध्ये जेमतेम ०.१ व्होल्टचं अंतर असतं. आत जागा मिळेनाशी झाली की लिथियम पृष्ठभागावर साचू लागतं. साचलेलं सगळं परत कामाला येत नाही, तेवढी क्षमता गेली ती गेलीच. साठा सुईसारखा वाढत गेला तर आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती वेगळी. आयन ज्यातून ये-जा करतात त्या द्रावणाचीही साथ नसते. त्यातलं एथिलीन कार्बोनेट शुद्ध स्वरूपात ३६ अंशांच्या खाली घट्टच असतं, थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजावं तसं. त्यात दुसरी पातळ कार्बोनेटं मिसळतात म्हणून ते वाहतं, पण शून्याखाली ते मिश्रणही जड होत जातं.

म्हणून बहुतेक एलएफपी बॅटऱ्यांचा नियम असा: उणे २० अंशांपर्यंत वीज काढा, भरायची मात्र शून्याच्या वर, आणि शून्य ते दहाच्या दरम्यान हळूहळू. चांगल्या बॅटरीतलं नियंत्रण, म्हणजे बीएमएस, शून्याला किंवा त्याच्या थोडं आधीच चार्जिंग तोडतं. स्वस्तातल्या काही बॅटऱ्यांत ही सोयच नसते. तिथे बॅटरी मुकाट्याने वीज घेत राहते आणि आतून खराब होत जाते. यात एक वेळेची अडचणही आहे. पॅनेलवर ऊन पडतं सकाळी, आणि रात्रभर गारठलेली बॅटरी सर्वांत थंड असते तीही सकाळीच. ऊन दारात आलेलं असतं आणि बॅटरी ते आत घेऊ शकत नसते.

जुन्या लेड-ॲसिडचं गणित निराळं. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवलेली ही बॅटरी शून्याखाली चार्ज झाल्याने मरत नाही. तिला भीती असते गोठण्याची, आणि ती किती भरलेली आहे यावर सगळं ठरतं. हायड्रोमीटर १.२५० दाखवत असेल, म्हणजे बॅटरी भरलेली असेल, तर आतलं आम्ल उणे ५० अंशांच्या आसपास गोठतं. तेच रीडिंग १.१०० वर आलं की गोठणबिंदू उणे ८ वर येतो, कारण आम्ल वापरलं गेलेलं असतं आणि उरलेलं असतं बरंचसं पाणी. लेहमध्ये जानेवारीतल्या रात्री पारा उणे १४-१५ पर्यंत सहज जातो. भरलेली बॅटरी त्या रात्री निवांत असते. संध्याकाळभर टीव्ही आणि दिवे चालवून रिकामी केलेली बॅटरी सकाळी फुटलेली सापडू शकते. थंड लेड-ॲसिड पूर्ण भरायची तर व्होल्टेजही चढवावं लागतं, दर सेलला दर अंशामागे साधारण ४ मिलिव्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल. २५ अंशांवरून उणे ५ पर्यंत उतरलं की ते पाऊण व्होल्टच्या जवळ जातं. चार्ज कंट्रोलरचा तापमापक बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला नसेल तर त्याला हे कळायचा मार्ग नाही, आणि बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहते.

लडाखचं उदाहरण घेण्यामागे आणखी कारण आहे. तिथे वर्षाचे तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं. सिंधूचं पाणी हिवाळ्यात आटतं, त्यामुळे नेमकी गरज असते तेव्हाच जलविद्युत कमी पडते. श्रीनगर-लेह वीजवाहिनी २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू होईपर्यंत लेह देशाच्या ग्रिडला जोडलेलंच नव्हतं. त्यामुळे गावोगावी सोलर आणि बॅटरी आधीपासून आहेत, आणि तिथल्या घरांनी ऊब साठवायची विद्या बॅटरीच्याही आधी कमावली आहे. दक्षिणेकडे काळी रंगवलेली जाड भिंत, तिच्यापुढे काच, मधे हवेची फट: फेलिक्स त्रोंब या फ्रेंच संशोधकाच्या नावाने ओळखली जाणारी ही भिंत १९८० च्या दशकापासून लडाखमध्ये पसरली. दिवसा ती ऊन पिते आणि रात्री खोलीला परत देते. सोनम वांगचुक यांच्या सेकमोल संस्थेच्या फे गावातल्या मातीच्या इमारती याच तत्त्वावर उभ्या आहेत. बाहेर उणे १५ असताना आत १४ अंश राहतात, आणि त्यासाठी काही जाळावं लागत नाही. अशा घरात बॅटरी असेल तर ऊब देण्याचा प्रश्न उरतो कुठे? ती आतल्या भिंतीला टेकवून ठेवली की झालं. लेड-ॲसिड असेल तर हायड्रोजनसाठी वरच्या बाजूला झरोका मात्र हवाच, कारण हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते.

असं घर सगळ्यांच्या नशिबी नसतं. जंगलातल्या लाकडी केबिनमध्ये, न तापवलेल्या गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये बॅटरी ठेवावी लागते, आणि तिथे पेटी करावी लागते. हे गणित अंदाजपंचे करण्यापेक्षा कागदावर मांडलेलं बरं. पाच युनिट साठवणारी एलएफपी बॅटरी साधारण ५० किलोची. तिला एक अंश तापवायला सुमारे ५० किलोज्यूल लागतात. उणे १० वरून अधिक ५ पर्यंत आणायची तर ७५० किलोज्यूल, म्हणजे पाव युनिटहूनही कमी. हा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च दिलेली ऊब टिकवण्याचा.

समजा पेटी ६० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ४० उंच. सगळ्या बाजू मिळून क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. आतून पाच सेंटिमीटर जाडीचा चांगला फोम लावला तर आत-बाहेरच्या दर एक अंश फरकामागे साधारण एक वॅट उष्णता बाहेर जाते. बाहेर उणे २० आणि आत अधिक ५ ठेवायचं तर २५-२६ वॅट, दिवसभरात सहाशे-साडेसहाशे वॅट-तास. पाच युनिटच्या बॅटरीतली आठव्या हिश्श्याइतकी वीज त्यात जाते. फोमची जाडी दुप्पट केली की खर्च निम्मा. शिवाय बॅटरी वापरताना स्वतः थोडी तापते. पाच युनिट भरून काढताना सेलमध्ये पाच टक्के वाया जातात असं धरलं तर पाव युनिट उष्णता पेटीला फुकट मिळते. दहा सेंटिमीटरच्या पेटीला एवढ्यात जवळजवळ भागतं, पाचच्या पेटीला अर्धंही भागत नाही.

आता हीटर बंद ठेवून पाहू. संध्याकाळी बॅटरी १० अंशांवर आहे, बाहेर रात्रभर उणे १०, आणि सूर्य यायला बारा तास. पाच सेंटिमीटरच्या पेटीत सकाळी ती उणे २ च्या आसपास असेल. दहाच्या पेटीत अधिक २-३. फरक चार-पाच अंशांचा, पण शून्याची रेघ मधोमध पडल्यामुळे एका घरात सकाळी चार्जिंग सुरू होतं आणि दुसऱ्या घरात बीएमएस नकार देत बसतं. फोमच्या एका जादा थराची किंमत हीटर, थर्मोस्टॅट आणि वायरिंगपेक्षा कितीतरी कमी असते. केबल जिथून आत येतात ती भोकं बुजवायला लोक विसरतात, आणि हे सगळं गणित त्या भोकांतून वाहून जातं.

पेटीचा एक उलटा गुणही लक्षात ठेवावा. ती ऊब बाहेर जाऊ देत नाही तशी आतही येऊ देत नाही. शुक्रवारी संध्याकाळी केबिनमध्ये पोचून शेगडी पेटवली, खोली तासाभरात २० अंशांवर गेली, तरी पेटीतली उणे १५ ची बॅटरी रविवारी परत निघायच्या वेळेलाच कुठे पुरती सावरलेली असेल. अशा जागी झाकण उघडून ठेवावं. बर्फासारख्या थंड बॅटरीवर गरम खोलीतली दमट हवा लागली की दव धरतं, तेव्हा टर्मिनल पुसून मगच भार टाकावा.

काही लोक पेटीत पाण्याचे कॅन ठेवतात. दहा लिटर पाणी गोठताना जवळजवळ एक युनिट उष्णता सोडतं, बाजारातल्या कुठल्याही उपायापेक्षा स्वस्त. गैरसोय अशी की ही उष्णता मिळते शून्य अंशावर, आणि चार्जिंगला हवं असतं त्याच्या वर. पाणी बॅटरीला उणे १५ पर्यंत घसरू देत नाही, पण चार्ज करण्याइतकी गरमही करत नाही. टेट्राडेकेन नावाचं पॅराफिन सहा अंशांच्या जवळ वितळतं-गोठतं. कामाला ते जास्त योग्य, खिशाला मात्र जड. आणि कॅन काठोकाठ भरू नयेत, गोठलं की फुटतात.

मग हीटर. बॅटरीखाली घालायचे सिलिकॉनचे पॅड मिळतात. काटकसरी लोक रोपवाटिकेत बियांना ऊब द्यायला वापरतात त्या चटया लावतात, आणि त्या चालतातही. हल्लीच्या कित्येक एलएफपी बॅटऱ्यांत पॅड आतच असतो: पॅनेलची वीज आली की ती आधी हीटरकडे वळते, सेल पाच अंशांच्या वर गेले की चार्जिंग सुरू. ही रचना उत्तम, कारण तापवण्याचं काम फुकटच्या उन्हावर होतं आणि साठवलेल्या विजेला हात लागत नाही. उलट जो हीटर रात्रभर बॅटरीवरच चालतो तो तीन दिवस ढगाळ राहिलं आणि पॅनेलवर बर्फ साचलं की बॅटरी रिकामी करून स्वतःही बंद पडतो. तेव्हा बॅटरी थंडही असते आणि रिकामीही. पॅड घरी लावायचाच असेल तर त्याच्या आणि बॅटरीच्या मधे ॲल्युमिनियमचा पत्रा घालावा म्हणजे एकाच जागी तापणार नाही, आणि थर्मोस्टॅटची सुई हवेत न लोंबवता बॅटरीच्या कवचाला लावावी. लक्ष्य पाच ते पंधरा अंश. २५-३० वर ठेवण्याचा सोस नको. लिथियम बॅटरी थंडाव्यात सावकाश म्हातारी होते, उष्णतेत भराभर.

घरातला पॅड अपुरा वाटत असेल तर मंगळावर काय केलं ते पाहावं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या नासाच्या गाड्यांनी बॅटरी एरोजेल लावलेल्या पेटीत ठेवली होती, आणि पेटीत किरणोत्सारी पदार्थाचे प्रत्येकी एक वॅटचे आठ हीटर होते. या आठ वॅटच्या मदतीने मंगळाच्या रात्री निघाल्या. मोठा वाटा पेटीचाच. आपल्या विक्रम आणि प्रज्ञानला असे हीटर दिलेले नव्हते, त्यांची रचनाच चंद्रावरच्या एका दिवसापुरती होती. २०२३ च्या सप्टेंबरात चंद्रावरची रात्र सरल्यावर इस्रोने हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

खरा पेच मात्र थंडीच्या बाहेरचा आहे. थंडी सांगते, बॅटरी घरात घ्या. आगीचे नियम सांगतात, घराबाहेर काढा. अमेरिकेतल्या एनएफपीए ८५५ या मानकानुसार अशी बॅटरी झोपायच्या आणि राहायच्या खोल्यांत लावता येत नाही. गॅरेज, अडगळीची खोली किंवा बाहेरची भिंत चालते, तीही दारं-खिडक्यांपासून तीन फूट सोडून. ब्रिटनने मार्च २०२४ मध्ये पीएएस ६३१०० हे मानक काढलं आणि पोटमाळा, शयनगृह, सुटकेचा जिना सगळं वर्ज्य ठरवलं. त्याचा कल बाहेर लावण्याकडे आहे. नियम करणाऱ्यांना दोष देता येत नाही. पेटलेली लिथियम बॅटरी विझवणं अवघड, आणि तिचा धूर विषारी. पण बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या बॅटरीला जन्मभर हीटरचा खर्च लागतो. जर्मनीत हा झगडा फारसा जाणवत नाही, कारण बहुतेक घरांना तळघर आहे आणि मातीमुळे तिथे हिवाळ्यातही दहा-बारा अंश राहतात. दक्षिण ऑन्टॅरिओत जमीन सव्वा मीटर खोलपर्यंत गोठते. त्याच्या खाली खड्डा घेऊन बॅटरी पुरणारेही आहेत. कल्पना चांगली, पण वसंतात बर्फ वितळून तो खड्डा भरतो तेव्हा निचरा नसेल तर बॅटरी पाण्यात. माझ्या मते घराला लागून असलेली, घराशी एक भिंत सामायिक असलेली पण घरात दार न उघडणारी छोटी खोली हाच यावरचा शहाणा तोडगा आहे. घरातून झिरपणारी ऊब तिला पुरते आणि आग लागली तर मधे भिंत असते.

कोट्यवधी रुपये असतील तर अर्थातच सगळं जमतं. अलास्कातल्या कोट्झेब्यू गावाने आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आख्खा कंटेनर उष्णतारोधक करून, आत हीटर बसवून लिथियम बॅटरी चालवली. गावाच्या ग्रिडला ते परवडतं, एका घराला नाही.

रसायनच बदलावं असाही एक मार्ग आहे. निकेल-कॅडमियम ही १८९९ ची स्वीडिश बॅटरी उणे ४० लाही चालते, पण कॅडमियम विषारी म्हणून ती घरांत येऊ नये. लिथियम टायटनेटमध्ये ग्रॅफाइटच नसतो; तोशिबाची अशी बॅटरी उणे ३० अंशांतही चार्ज होते. फक्त महाग आहे आणि जागा जास्त खाते. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या चाओ-यांग वांग यांनी २०१६ मध्ये सेलच्या आतच निकेलची पातळ पट्टी घालून उणे २० वरून शून्यावर वीस सेकंदांत यायची किमया दाखवली, चार टक्क्यांहून कमी वीज खर्चून. घरच्या बॅटरीत ती अजून दिसत नाही. सर्वांत जवळची आशा सोडियमची. चीनच्या सीएटीएलने २०२१ मध्ये सोडियम बॅटरी जाहीर करताना उणे २० लाही नव्वद टक्के क्षमता राहते असा दावा केला. पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणेबरोबर केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान २०२३ च्या डिसेंबरात पुढे आणलं. पुण्याच्या हवेत त्याची ही बाजू कधी कसाला लागणार नाही. ते लेहमध्ये नेऊन एक हिवाळा ठेवून पाहायला हवं. कंपनीच्या दाव्यावर मी तरी आज घरासाठी पैसे टाकणार नाही.

कॅनडात, अमेरिकेत किंवा युरोपात घर घेऊन सोलर बसवायला निघालेल्या मराठी वाचकांना शेवटी एवढंच सांगायचं. टेस्लाच्या पॉवरवॉलसह बहुतेक नामांकित बॅटऱ्यांच्या कागदावर ‘उणे २० ते ५० अंश’ असं काही छापलेलं असतं. ते वाचून हुरळून जाऊ नका. तो आकडा भोवतालच्या हवेचा आहे की सेलचा, वीज काढण्याचा आहे की भरण्याचाही, आणि भरण्याचा असेल तर मधली ऊब कुणाच्या विजेवर तयार होते, हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज दर अंशामागे साधारण ०.३ टक्क्यांनी चढतं, तेव्हा इन्व्हर्टरची वरची मर्यादाही त्याच पत्रात विचारून घ्या. आणि घरातली कुठली भिंत बॅटरीला द्यायची, हे कोटेशन मागवण्याआधी ठरवा. बॅटरी एकदा उत्तरेच्या उघड्या भिंतीवर लागली की ती हलवण्याचा खर्च फोमच्या कित्येक पेट्यांइतका येतो.